दव न पडलेला डायनामो

त्या वर्षी दसरा झाला आणि बोरठाणमध्ये रोज सकाळी रतिलाल पाटलांची मोटर बैल ओढू लागले.

मोटर म्हणजे जुनी पिकअप गाडी. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. लष्कराच्या लिलावातून ती आली तेव्हा तिच्याबरोबर सुटं चाक आलं नव्हतं, इंजिन हाताने फिरवायचं हँडलही आलं नव्हतं, आणि बॅटरीत वीज जातेय की बॅटरीतून येतेय ते दाखवणारा काटा काचेमागे गळून तळाशी पडलेला होता. एरवी गाडी धडधाकट होती. केळीचे घड, मिरचीची पोती, कापूस, नंदुरबारच्या दवाखान्यात न्यायची एखादी अडलेली बाई, जे येईल ते ती वाहायची. तापीकाठच्या आमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात ती गुडघाभर रुतायची आणि हिवाळ्यात पुन्हा वर यायची, जणू दर वर्षी नव्याने उगवल्यासारखी.

गाडीवर भटू होता. पाटलांचं घर गुजरांचं, भटू त्यांच्या घरचा पहिल्यापासूनचा माणूस. आधी तो याच घरच्या बैलगाडीवर होता. मोटर आल्यावर पाटलांनी त्याला नंदुरबारच्या एका ट्रकवाल्याकडे शिकायला ठेवलं. तो लायसन घेऊन परत आला, अंगात खाकी सदरा आला, पण बैलांशी बोलायची सवय काही गेली नाही. चढ आला की गियर बदलताना तो गाडीला समजावायचा, उतारावर तिच्यावर ओरडायचा. शेजारी बसलेल्या माणसाला वाटायचं, हा आपल्याशीच बोलतोय, आणि तो बिचारा उत्तर द्यायचा. भटू त्याच्याकडे दचकून बघायचा.

आता तीच गाडी सकाळी हूं की चूं करत नव्हती. सेल्फचं बटण दाबलं की आतून एक कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि संपायचा. ठिणगी पडण्यापुरता जीव बॅटरीत उरलेला असायचा, इंजिन फिरवण्यापुरता नाही. मग पुढच्या बंपरला दोर बांधून बैलजोडी जुंपायची. बैल दुसऱ्या कुणाला दाद देत नसत, आणि स्टिअरिंगवर दुसरं कुणी बसू शकत नसे. म्हणून भटू केबिनच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत बैलांनाही हाकायचा आणि मोटरलाही. इंजिन सुरू झालं की बैल बिचकून आडवे पळायचे आणि गावाला करमणूक व्हायची.

भिकुबाई विहिरीवरून येताना हंडा कमरेवर घेऊन मुद्दाम थांबायची.

"भटू, बैलसले पेट्रोल पाजं का नही आज?"

"बैलसले नही मावशी. मोटरले कडबा टाकेल शे," भटू खिडकीतून म्हणायचा.

पण हे बोलताना त्याच्या तोंडावर हसू नसायचं. गाडीचं स्टिअरिंग त्याच्या तळव्यांनी घासून दोन ठिकाणी गुळगुळीत झालं होतं. कुणी मेलेल्या माणसाच्या पादुका पुसाव्यात तसं तो ते रोज खोबरेल तेलाच्या चिंधीने पुसायचा. नंदुरबारच्या मिरचीबाजारात हमाल त्याला नावाने ओळखायचे. गाडीच्या हौद्याची कोणती फळी कोणत्या खड्ड्यात कशी वाजते हे त्याला पाठ होतं. असा माणूस आपल्याच गाडीपुढे बैल जुंपताना कसा दिसतो, ते मी समोरच्या ओट्यावरून रोज बघत होतो.

रतिलाल पाटील वाईट माणूस नव्हता. तो कारण विचारणारा माणूस होता. मळ्यातलं ऑइल इंजिन बंद पडलं तर तो स्वतः पुस्तक घेऊन बसायचा, आणि कशाने बंद पडलं ते कळल्याशिवाय चालू झालेलं इंजिनही त्याला आवडायचं नाही. एका सकाळी बैल सोडून भटू दोर गुंडाळत होता तेव्हा तो ओट्यावरून खाली आला.

"रातले लाइट कोन चालू ठेवस?"

"कोनीच नही, भाऊ. मी सोता बंद करीसन जास."

"वरातमाबी तू सोता बंद करेल व्हतास."

भटू गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळू लागला. उन्हाळ्यात त्याच्या भाचीच्या लग्नात वरातीला उजेड कमी पडला म्हणून त्याने गाडीचे दिवे नवरा-नवरीवर लावून ठेवले होते. वाजंत्री रंगली, भटू नाचला, आणि वरात संपली तेव्हा दिवे निखाऱ्यासारखे लाल होऊन विझले होते. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाने स्वतः गाडी ढकलली. ही गोष्ट तळोद्यापर्यंत गेली होती.

"बॅटरी मी नंदुरबारले दखाडी उनू," रतिलाल म्हणाला. "दुकानवाला सांगस, बॅटरी चांगली शे. दिवसभर गाडी चालस तवय ती भरास, रातले खाली व्हई जास. मंग तिले खास कोन?"

"तेच माले समजत नही, भाऊ."

"माले समजस." रतिलालचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर भटूला बरं वाटलं असतं. "कापूस सुरू व्हई तवय माले बैलगाडीनी मोटर चालाव नही. दिवाळी व्हयनी का विसरवाडीना सुरुपसिंग येवाव शे. हायवेना मानूस शे. तू बैलसवर ऱ्हाय. पगार तोच."

पगार तोच, हे त्याने चांगुलपणाने सांगितलं. भटूला तेच जास्त लागलं.

जसोदाबाई, म्हणजे रतिलालची आई, ओट्यावर शेंगा सोलत होत्या. त्यांना आता जवळचं कमी दिसायचं, म्हणून शेंगा त्या बोटांनीच सोलायच्या. भटू त्यांना मोठी माय म्हणायचा. त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, "त्यानी लाइट चालू ठेयेल नही. तो खोटं बोलस तवय त्याना आवाज बारीक व्हई जास. आते बारीक नही व्हता."

"माय, आवाजवर मोटर चालत नही," रतिलाल म्हणाला आणि घरात गेला.

त्या संध्याकाळी भटूने गाडीची बॅटरी सोडवली, डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवली आणि आपल्या घरी नेली. घरात जात्याशेजारी लाकडी फळीवर ती ठेवली. त्याची बायको गजराबाई भाकरी थापत होती. तिने आधी बॅटरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आते सवत घरमाच आनी का?"

"एक रात राही, मंग जाई."

"पयलीबी असंच सांगेल व्हतास. तवय गाडीना टायर आना व्हता, तो आजून खाटखाले शे."

सकाळी भटूने बॅटरी पुन्हा गाडीत बसवली, तारा जोडल्या, बटण दाबलं. इंजिन एका दमात सुरू झालं. भिकुबाई विहिरीकडे निघाली होती, तिची फेरी फुकट गेली.

भटू गाडीत बसून राहिला. बॅटरी घरात झोपली तर भरलेली राहते. गाडीत झोपली तर रिकामी होते. म्हणजे बॅटरी चोर नाही, गाडीत कुणीतरी आहे. पण दिवे बंद, भोंगा बंद, किल्ली काढलेली. सगळं बंद असताना जागं कोण राहतं? हा प्रश्न त्याने दिवसभर नंदुरबारच्या रस्त्यावर गाडीलाच विचारला.

दुसऱ्या दिवशी त्याने दिव्यांच्या तारा काढून ठेवल्या. सकाळी बॅटरी खलास. त्यापुढच्या रात्री भोंग्याची तार काढली. पुन्हा तेच. बैल पुन्हा आले, भिकुबाई पुन्हा थांबली. दिवाळी जवळ येत होती. घराघरांतून रांगोळीचे दगड कुटण्याचे आवाज येत होते, आणि भटू एकेक तार काढून ठेवत होता. आजारी माणसाचं एकेक अन्न बंद करून बघावं, तसं.

मग एका संध्याकाळी काम अर्धं राहिलं. अंधार पडला म्हणून त्याने गाडीचं बॉनेट उघडंच ठेवलं, पहाटे लवकर यायचं ठरवून.

कार्तिकाच्या तोंडावर आमच्याकडे तापीवरून धुकं येतं आणि सगळं ओलं करून जातं. पहाटे भटू आला तेव्हा बॉनेट उघडं, आणि आतलं सगळं लोखंड दवाने पांढुरकं झालेलं. इंजिनचं डोकं, पाण्याची टाकी, तारा, पंख्याची पाती, सगळ्यावर बारीक थेंब. त्याने चिंधी काढली आणि पुसायला लागला. पुसता पुसता हात थांबला.

डायनामो कोरडा होता.

डायनामो म्हणजे इंजिनच्या बाजूला बसवलेला लोखंडी नळा. इंजिन चालतं तेव्हा पट्टा त्याला फिरवतो आणि तो वीज तयार करून बॅटरी भरतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो. सगळ्या लोखंडावर दव पडलं होतं आणि या एकावर नव्हतं. भटूने चिंधी बाजूला ठेवली आणि त्यावर तळवा ठेवला. नळा कोमट होता. पहाटेच्या त्या गार लोखंडात तो एकटाच, गोठ्यात बसलेल्या गाईच्या पोटासारखा, कोमट होता.

हे मला त्याने पुढे कधीतरी सांगितलं. "माले भेव लागनं," तो म्हणाला. "वाटनं, हाई जित्तं शे."

मग त्याने पान्याने पट्टा ढिला केला आणि डायनामोवरून काढून टाकला. आता त्याला फिरवणारं काहीच नव्हतं. इंजिन बंद होतं, किल्ली भटूच्या खिशात होती. आणि तो नळ्यातला दांडा आपोआप हलला. थांबत थांबत, अंथरुणात कूस बदलणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, तो फिरायला लागला. भटू खाली बसला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. ज्याने द्यायचं तोच खात होता.

हे कसं होतं ते त्याला ठाऊक होतं. मळ्यातल्या पाटाला जसं दार असतं तसं डायनामो आणि बॅटरी यांच्यामध्ये एक दार असतं. त्याला कटआउट म्हणतात. पत्र्याच्या लहान डबीत बसवलेली एक लोखंडी पट्टी असते. डायनामो फिरू लागला की ती ओढली जाऊन रस्ता जोडते, थांबला की सुटून रस्ता तोडते. तोडला नाही तर भरलेली वीज रात्रभर उलटी वाहत डायनामोत जाते. दार उघडं राहिलं होतं.

त्याने डबीचं झाकण काढलं.

पट्टीच्या मागच्या फटीत तांदळाचा एक दाणा अडकलेला होता. कुंकवाने लाल झालेला, तुपाने चिकटलेला. पाचरीसारखा तो पट्टीला पुढे दाबून धरत होता. पट्टीला सुटायचं होतं आणि दाणा तिला सुटू देत नव्हता.

भटूला दसरा आठवला. पाटलांच्या घरात दसऱ्याला कशाचंही झाकण लावलेलं राहत नाही. धान्याच्या कोठ्या, कपड्यांच्या पेट्या, सुताराच्या अवजारांचा डबा, पेरणीच्या तिफणीचं चाडं, सगळं उघडं ठेवायचं आणि आत कुंकू-अक्षता टाकायच्या. झाकून ठेवलेल्या वस्तूची पूजा तिला पोचत नाही, असं जसोदाबाईंच्या सासूने त्यांना सांगितलं होतं. गाडीच्या वेळी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. मग हात फिरवत फिरवत त्यांची बोटं त्या डबीवर गेली आणि त्यांनी विचारलं, "हाई काय शे? हाई बंद काब्र?" भटूनेच झाकण काढून दिलं होतं. भटूनेच नंतर लावलं होतं. आत पडलेल्या अक्षता त्याला दिसल्याही होत्या, पण पूजेच्या अक्षता आपल्या हाताने झटकायच्या नसतात, आपोआप पडतील तेव्हा पडू द्यायच्या असतात. त्याने त्या तशाच ठेवल्या आणि वर झाकण दाबून बसवलं.

आता त्याच्यापुढे सरळ रस्ता होता. रतिलालला बोलवायचं, डबी दाखवायची, दाणा दाखवायचा. त्याला कारण हवं होतं, हे कारण होतं, लाल रंगाचं. सुरुपसिंग विसरवाडीलाच राहिला असता.

पण भटूला मळ्यातलं ऑइल इंजिनही ठाऊक होतं. आदल्या वर्षी जसोदाबाईंचं पूजेचं हळदीचं पाणी त्यात गेलं होतं आणि ऐन केळीच्या पाण्याच्या वेळी ते बंद पडलं होतं. तेव्हा रतिलाल आईला म्हणाला होता, यापुढे इंजिनला हात लावायचा नाही, आणि गाडीतही असं काही झालं तर यंत्रांची पूजा कायमची बंद. त्या दिवसापासून जसोदाबाई मळ्यातच गेल्या नव्हत्या. त्यांच्या हातात आता घरातलं फार काही उरलं नव्हतं. स्वयंपाक सुनेकडे, हिशेब मुलाकडे, नजर कमी झालेली. वर्षातून एकदा ताट घेऊन त्या गाडीपर्यंत यायच्या, बॉनेटखाली वाकून एकेक भागावर हात ठेवायच्या, आणि भटूला विचारायच्या, हे काय करतं, ते काय करतं. भटू सांगायचा. त्या प्रत्येकाला टिळा लावायच्या.

भटूने बाभळीचा काटा आणला आणि दाणा हळूच बाहेर काढला. पट्टी टक् करून सुटली. डायनामोचा दांडा थांबला.

दाणा त्याच्या बोटावर होता. टाकून द्यावा तर पूजेची अक्षता. ठेवावा तर कुणीतरी बघणार. त्याने तो तोंडात टाकला आणि गिळला.

मग त्याने डबी पुसली. पट्टी जिथे टेकते ती टोकं काचकागदाने घासली. पण कुंकू तुपाबरोबर आत उतरलं होतं, केसासारख्या बारीक तारेच्या सुती वेढ्यांत मुरलं होतं. ते पुसायचं तर तार तुटली असती. ते तसंच ठेवून त्याने झाकण लावलं.

रतिलाल चहा घेऊन बाहेर आला तेव्हा भटूने सांगितलं, "भाऊ, सापडनं. कटआउट चिकटेल व्हता. त्यामुये बॅटरी खाली व्हई ऱ्हायंती."

"दखाड."

"आते सुटी गया. साफ करी टाका मी."

"कशावरी चिकटना व्हता?"

भटू डायनामोकडे बघत म्हणाला, "धूळ."

त्याचा आवाज बारीक झाला होता. ओट्यावर जसोदाबाईंचं शेंगा सोलणं थांबलं. रतिलालने चहा संपवला, कप खाली ठेवला.

"इतला दिवस चिकटेल ऱ्हायना आनि मी सुरुपसिंगले सांगावा धाडा का लगेच सुटना," तो म्हणाला. "चांगला कटआउट शे."

त्यानंतर गाडी रोज सकाळी एका दमात सुरू व्हायला लागली. बैल गोठ्यातच राहिले. आणि हेच भटूच्या विरुद्ध गेलं. रतिलालला वाटलं, बोलल्यावर हा आता दिवे आठवणीने बंद करतोय. जे माणसाच्या लक्षावर अवलंबून आहे ते कापसाच्या हंगामात पुन्हा बिघडणार, असा त्याचा सरळ हिशोब होता. तो चुकीचा होता, पण सरळ होता.

दिवाळी झाली. सुरुपसिंग ठरल्याप्रमाणे आला. उंच, काळा, शांत माणूस, गळ्यात रुमाल. त्याने आल्या आल्या भटूला बिडी दिली, आणि भटूने घेतली. दोघांनी गाडीभोवती एक फेरी मारली. लिलावात जनावर बघतात तशी नव्हे, घरची मुलगी बघायला आलेला चांगला पाहुणा बघतो तशी. भटूने त्याला सगळं खरं सांगितलं. दुसरा गियर टाकताना थोडं थांब. डावा ब्रेक आधी धरतो, उजवा मागून. पाण्याची टाकी दुपारी उघडू नको, उडते. सुरुपसिंग मान हलवत होता. रतिलाल ओट्याच्या पायरीवर उभा होता. जसोदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"आनि हाई झाकन उघडू नको," भटू कटआउटवर हात ठेवून म्हणाला. "बंदच ठेव."

"का?"

"धूळ जास."

हायवेचा माणूस असं ऐकून झाकण बंद ठेवत नाही. सुरुपसिंगने डबी उघडली आणि आत डोकावला. मग हसला.

"कुणी पूजा केली इथं? आत कुंकू मुरलंय. तारेपर्यंत." त्याने रतिलालकडे बघितलं. "शेठ, असं एकदा आमच्याकडे फुलाच्या देठानं झालं होतं. पट्टी सुटत नाही, रात्रीत बॅटरी गार. ड्रायव्हरचा काही दोष नसतो."

त्याला काही ठाऊक नव्हतं. तो आपला धंद्यातली गोष्ट सांगत होता.

जसोदाबाई चौकट सोडून खाली आल्या. पायरी त्यांना दिसली नाही, रतिलालने हात धरला. त्या गाडीपाशी आल्या आणि चाचपत त्यांनी डबीवर बोट ठेवलं.

"मन्हा हातनं शे," त्या म्हणाल्या. "मीच झाकन काढाले लायं व्हतं."

रतिलाल भटूकडे वळला. "तुले दिसनं व्हतं?"

भटूने मान हलवली.

"काय व्हतं मझार?"

"दाना व्हता, भाऊ. तांदूयना."

"मंग माले काब्र नही दखाडा? कोठे शे तो?"

"खाई टाका."

सुरुपसिंगला ठसका लागला. रतिलाल त्याच्याकडे बघून पुन्हा भटूकडे बघू लागला. कारण विचारणाऱ्या माणसाला हे कारण कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

"काब्र?"

"अक्षता व्हती," भटू म्हणाला. "फेकू कशी?"

जसोदाबाईंना मात्र दुसरंच कळलं होतं. त्या भटूच्या आवाजाकडे तोंड करून उभ्या होत्या. "तू धूळ सांगं तवयच माले समजनं व्हतं का तू खोटं बोली ऱ्हायना," त्या म्हणाल्या. "कसानं खोटं ते समजनं नही." मग मुलाला म्हणाल्या, "रतिलाल, तुन्हं बरोबर व्हतं. आजफाईन मी गाडीले हात लावाव नही. याले मात्र बैलसवर धाडू नको."

हे बोलताना त्यांचा हात अजून डबीवरच होता. रतिलालने तो बघितला. आईला त्याने दिलेला हुकूम आता तिने स्वतःहून पुरा केला होता, आणि त्याला तो नको झाला होता हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. माफी मागणं आमच्याकडे कुणाला येत नाही, त्यालाही येत नव्हतं. त्याने सुरुपसिंगच्या हातातलं झाकण घेतलं, डबीवर बसवलं आणि अंगठ्याने दाबलं.

"पूजा कर," तो आईला म्हणाला. "फक्त हाई उघडू नको. वरथून कुंकू लाव."

"वरथून पोचत नही."

"भटूले इचार, पोचस का नही ते. त्याले गाडीनं बठं समजस."

जसोदाबाईंनी भटूकडे तोंड वळवलं. "पोचस का रे?"

"पोचस, मोठी माय," भटू म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला की नाही, मला समोरच्या ओट्यावरून ऐकू आलं नाही. जसोदाबाई हसल्या एवढं दिसलं.

रतिलाल सुरुपसिंगला म्हणाला, "तुला फुकट फेरी पडली. जेवून जा. भटू सोडेल तुला विसरवाडीला."

एवढंच. भटूने खिशातून खोबरेलाची चिंधी काढली, नाक पुसलं आणि मग चिंधी कसली आहे ते त्याच्या लक्षात आलं.

दुपारी दोघं निघाले. जसोदाबाईंनी दोघांसाठी भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. खांडबाऱ्याच्या पुढे रस्ता झाडीत शिरतो तिथे सुरुपसिंगने पाय पुढे ताणले आणि विचारलं, "एक सांग. दाणा दाखवला असतास तर गाडी तुझीच राहिली असती."

"राहती."

"मग?"

भटूने समोरच्या चढाकडे बघत गियर बदलला. "ती पूजा करस तवय माले इचारस, हाई काय करस, ते काय करस," तो म्हणाला. "दुसरं कोनी माले इचारत नही."

विसरवाडीच्या नाक्यावर उतरल्यावर सुरुपसिंग गाडीच्या पुढे गेला, बॉनेटवर हात ठेवला, आणि भटूला विचारलं, "हा डायनामो कुठून आणला होता? मूळचा वाटत नाही."

भटू खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि त्याला सांगू लागला. मागून ट्रक भोंगे वाजवत होते.